खेपांची मोजणी

पहाटे ५
तेलगावच्या चौकात उसाच्या ट्रॅक्टरांची घरघर सुरू आहे. गाड्या सुंदरनगरच्या लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्याकडे निघाल्यात. मी वाहतुकीच्या खेपांचा हिशेब ठेवतो. चहा घेऊन लॅपटॉप उघडला.

सकाळी ७
काट्याच्या पावत्या फाइलमध्ये उतरवल्या. एका खेपेची एक ओळ: तारीख, गाडी, टोळी, वजन.

सकाळी ९
आता चार कमांडांनी मोजणी. ग्रेप कालच्या ओळी वेचतो, कट टोळीचा रकाना काढतो, सॉर्ट सारखे आकडे एकाखाली एक लावतो, युनिक ते मोजतो. दोन कमांडांच्या मध्ये एक उभी रेघ, तोच पाइप. युनिकला एकाखाली एक आलेल्या सारख्या ओळीच ओळखता येतात, म्हणून सॉर्ट आधी हवाच.

सकाळी ११
कारखान्यात गव्हाणीत मोळ्या पडत असतात तेव्हाच पलीकडे रस आटत असतो. कमांड चालवणारा शेलही सगळ्या कमांड एकदमच सुरू करतो. फक्त सॉर्टला शेवटची ओळ येईपर्यंत थांबावं लागतं. बागेतल्या पाण्याच्या नळ्यांसारखे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत, असं बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये लिहून ठेवलं होतं. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ते युनिक्समध्ये आणलं.

दुपारी २
मागच्या हंगामात माझ्या स्क्रिप्टमध्ये फाइलचं नाव चुकलं. फाइल वाचणाऱ्या कॅटला फाइल सापडली नाही, पुढच्या ओळी मोजणाऱ्या डब्ल्यूसीने इमानेइतबारे शून्य मोजलं आणि शेवटची कमांड नीट संपली म्हणून शेलने सगळं ठीक धरलं. टोळीला ‘खेपा ०’ असा मेसेज गेला. मुकादमाचा फोन आला, “भाऊ, तीन खेपा टाकल्या की काल! शून्य कसं काय?” टोळीने आगाऊ घेतलेली उचल टनावर फिटते. त्या शून्यात अख्ख्या टोळीचा घाम बुडाला असता.

दुपारी ४
तेव्हापासून स्क्रिप्टच्या डोक्यावर पाइपफेल लावलं आहे. मधली एक कमांड फसली तरी शेल सगळी साखळीच फसली असं धरतो आणि मेसेज जात नाही. आज एका टोळीपाशी स्क्रिप्ट अडली. ग्रेपला एकही ओळ मिळाली नव्हती. पावत्या पुन्हा चाळल्या. काल त्या टोळीची गाडी खरंच आली नव्हती. तेव्हा शून्य माझ्या हाताने लिहिलं.

रात्री ८
मेसेज गेले. मुकादम वहीत खेपेगणिक एक उभी रेघ ओढतो. त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला: चार रेघा. माझ्याकडेही चारच.