नियम कोणी केला?

"आजोबा, उद्या तू आमच्या वर्गात बँक व्हायचंस," नातीने जेवताना फर्मावले. बँकेच्या नोकरीत माझी पस्तीस वर्षे गेली; पण साक्षात बँक होण्याची बढती काही कधी मिळाली नव्हती!

नात पुण्यातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत तिसरीत आहे. तिथली वर्षाची फी ऐकली तेव्हा मी मनातल्या मनात त्या रकमेचे व्याज काढले आणि गप्प बसलो. दप्तर हलके, घरचा अभ्यास नावापुरता, आणि आज काय शिकलीस म्हणून विचारावे तर उत्तर ठरलेले : "खेळलो." तेव्हा हा खेळ एकदा डोळ्यांनी पाहावा, असे मलाही वाटत होतेच.

वर्गात बाकांच्या रांगा नव्हत्या. चार-पाच मुलांचा एकेक घोळका टेबलाभोवती बसलेला. भिंतीवर मोठ्या कागदावर तीन रकाने : आम्हांला काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचे आहे आणि काय शिकलो. डॉना ओगल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८६ साली मांडलेली ही पद्धत. त्या दिवशी मधला रकाना प्रश्नांच्या चिठ्ठ्यांनी भरलेला होता आणि तिसरा कोरा होता.

वर्गाच्या बाईंनी मला थोडक्यात समजावले. 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' ही संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली; तिचा प्राथमिक शाळांसाठीचा कार्यक्रम १९९७ मधला. तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी त्यात सहा सूत्रे आहेत : आपण कोण आहोत, स्थळकाळात आपण कुठे आहोत, आपण व्यक्त कसे होतो, जग कसे चालते, आपण आपली व्यवस्था कशी लावतो आणि ही पृथ्वी वाटून कशी घ्यायची. गणित, भाषा, चित्रकला हे सारे या सूत्रांत ओवायचे. सध्या पाचवे सूत्र चालू होते आणि त्यासाठी वर्गात बाजार भरणार होता.

लिंबू सरबत, वाचनखुणा, भेटकार्डे, कागदी फुले अशी दुकाने लागली. पुठ्ठ्याच्या नोटा तयार होत्या. दुकानासाठी भांडवल हवे असेल तर बँकेकडे यायचे. मी सवयीने नियम लावला : शंभराला दहा व्याज आणि दुसऱ्या एका दुकानदाराची जामीन म्हणून सही.

कागदी फुलांचे दुकान एका मुलाचे होते. तो शाळेत नुकताच आलेला, कोणाशी फारसा बोलत नसे. त्याला सही द्यायला कोणी पुढे येईना. मी अर्ज परत केला. "नियम म्हणजे नियम," मी म्हणालो.

"पण नियम कोणी केला?" नातीने विचारले.

"बँकेने."

"म्हणजे तूच ना? मग बदल की!"

वर्ग हसला. मीही हसलो, पण मनातून चरकलो. १९८०च्या दशकात मी मराठवाड्यातल्या एका लहान गावी शाखेत होतो. शिलाई यंत्रासाठी कर्ज मागायला एक बाई येत. नवरा घर सोडून गेलेला. जामीन राहायला कोणी नाही. त्या तीनदा आल्या. तिन्ही वेळा मी नियमावर बोट ठेवले. चौथ्यांदा त्या आल्याच नाहीत. नियम कोणी केला, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नव्हता.

इकडे मुलांची खलबते चालली होती. शेवटी चौघे पुढे आले. चौघे मिळून सही करू, त्याने पैसे बुडवले तर चौघे सारखे भरू! मी थक्क झालो. बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग नाबार्डने १९९२ साली सुरू केला. एकमेकींची हमी हाच त्याचा पाया. या मुलांच्या तो गावीही नव्हता.

मी कर्ज मंजूर केले. फुले मात्र म्हणावी तशी खपली नाहीत. बाजार उठला तेव्हा अठरा रुपये कमी पडले. आता चौघांनी किती किती भरायचे? "साडेचार" माझ्या ओठांवर आले होते. पावकी-निमकी पाठ केलेली आमची पिढी! बाईंनी डोळ्यांनीच मला थांबवले. मुलांनी नोटा वाटून पाहिल्या. चार-चार गेल्या, दोन उरल्या. थोडे भांडण झाले. मग एका मुलीने कात्री आणून त्या दोन्ही नोटा मधोमध कापल्या. तिसऱ्या रकान्यात पहिली चिठ्ठी लागली, ती अर्ध्याची.

पाठांतराने माझे हिशेब पक्के झाले, हे मी नाकारणार नाही. पण अर्धा का लागतो, हे कोणी मला असे हातात देऊन दाखवले नव्हते.

मात्र ही विद्या परदेशातून आणि एवढ्या फीनेच येते, असे कोणी समजू नये. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये ते काम वाढले. आज तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. तिथे पाने, बिया, शंख-शिंपले हीच साधने होती. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्यांमागे रानात गेली, ती कुरणशाळा. प्रश्न विचारायला आणि हाताने करून पाहायला पैसे पडत नाहीत. मुलांचे ऐकून घेणारी बाई मात्र लागते, आणि तिला तेवढी सवड देणारी शाळा लागते. फाटकाबाहेरच्या मुलांसाठी जामीन राहायचे ते एवढ्यासाठीच.

निघताना बाईंनी मलाही एक चिठ्ठी दिली : "आज तुम्ही काय शिकलात, ते लिहा." मी पेन काढले. शिलाई यंत्रवाल्या त्या बाईंचे नाव लिहावे असे मनात आले.

ते मला आठवेना. नामंजूर अर्जाची नोंद माझ्या कुठल्याच खातेवहीत नव्हती.