पत्त्यांची यादी आणि वैद्याचा व्यवसाय

‘मुंबईतील पन्नास हजार ई-मेल पत्ते अत्यल्प दरात मिळतील, एका रात्रीत आपल्या चिकित्सालयाची माहिती घरोघरी पोहोचेल,’ अशा आशयाचा निरोप न आलेला वैद्य आज विरळाच. औषधनिर्मितीचा छोटा उद्योग करणाऱ्या, पंचकर्म केंद्र चालविणाऱ्या किंवा नव्यानेच व्यवसायात पदार्पण करणाऱ्या वैद्यमित्रांना या निरोपाचा मोह पडणे स्वाभाविक आहे. वर्तमानपत्रातील जाहिरात परवडत नाही, भिंतीवरील फलक फार दूरवर दिसत नाही आणि ई-मेलला तर टपालहशीलही पडत नाही. तेव्हा हे साधन वापरावे की न वापरावे, हा आता प्रश्न उरलेला नाही. ते कोणाच्या पत्त्यावर आणि कोणाच्या संमतीने वापरावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचा विचार आम्ही येथे एका विशिष्ट परिसराच्या आधारे करणार आहोत.

तो परिसर म्हणजे रे रोड. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या भागास मिळाले आणि १९१० मध्ये हार्बर मार्गावर रे रोड स्थानक सुरू झाले. पूर्वेस बंदराची जमीन, लाकडाच्या वखारी, आणि अनेक दशके जहाजे मोडण्याच्या धंद्यासाठी ओळखला गेलेला दारूखाना. जुने साखळदंड, नांगर, दोरखंड, लोखंडी पत्रे व यंत्रांचे सुटे भाग यांची दुकाने येथे दाटीने उभी आहेत. अशा ठिकाणी एखाद्या वैद्याने चिकित्सालय थाटले, तर त्याच्याकडे दोन प्रकारचे रुग्ण येतील. पाठ धरलेला हमाल, कापणीयंत्राच्या ठिणग्यांनी डोळे चुरचुरणारा कामगार हा एक. आणि गादीवर बसून आम्लपित्त व मूळव्याध यांनी गांजलेला दुकानदार हा दुसरा. पहिल्याकडे भ्रमणध्वनी असतो, पण ई-मेल तो उघडत नाही. दुसऱ्याचा ई-मेल पत्ता बिले आणि कोटेशने यांसाठी रोज वापरात असतो. पन्नास हजारांची विकत घेतलेली यादी या दोघांतील भेद जाणत नाही. वैद्य मात्र तो पहिल्याच भेटीत जाणतो. हमालासाठी ई-पत्राचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. त्याला तपासणीनंतर दोन शब्द नीट समजावून सांगितले आणि पुढील भेटीचा दिवस चिठ्ठीवर लिहून दिला, की काम झाले. ई-पत्र हे ज्याला ते हवे आहे त्याच्यासाठीच.

आपल्या क्षेत्राला ही गोष्ट नवी नाही. कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेल येथे १८७२ मध्ये धूतपापेश्वर औषधी कारखान्याचा पाया घातला. त्यानंतर पाच वर्षांनी, १८७७ मध्ये, भारतीय टपाल खात्याने मूल्यदेय टपालाची, म्हणजे आपल्या परिचयाच्या व्ही.पी.ची सोय सुरू केली. गावोगावच्या ग्राहकाला आगाऊ पैसे न भरता औषध मागविता येऊ लागले, आणि आयुर्वेदीय औषधांचा दूरदूरचा व्यापार बव्हंशी या सोयीवर उभा राहिला. जुन्या मराठी मासिकांतील औषधांच्या जाहिराती पाहाव्यात. ‘सूचिपत्र मागवा’ ही तेथील नेहमीची विनंती. ज्याला गरज असे तो कार्ड लिहून सूचिपत्र मागवी, आणि त्याचा पत्ता व्यापाऱ्याच्या वहीत चढे. १९०७ मध्ये नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घालणारे शंकर दाजीशास्त्री पदे हे ‘आर्यभिषक्’ मासिकाचेही संपादक होते. त्यांचा वर्गणीदारही स्वतः वर्गणी भरून, स्वतःच्या हाताने पत्ता लिहून पाठविणाराच असणार. पत्ता देण्याचा पुढाकार ग्राहकाचा असावा, हे तत्त्व त्या व्यवहारातच होते. आजच्या परिभाषेत त्यास संमती म्हणतात, इतकेच.

तेव्हा यादी कोठे तयार करावी? चिकित्सालयात आणि औषधांच्या खिडकीशीच. प्रतीक्षाकक्षात एक छोटा कागदी अर्ज ठेवावा. त्यात नाव, ई-मेल पत्ता, पत्राची भाषा मराठी हवी की हिंदी, आणि एक स्पष्ट वाक्य असावे : ‘ऋतुचर्या व चिकित्सालयाच्या वेळांविषयीची पत्रे मला वर्षातून सहा वेळा पाठवावीत.’ खाली सही व तारीख. व्याधीचा रकाना या अर्जात मुळीच नसावा. अर्ज भरला नाही म्हणून उपचारात किंवा दरात तिळमात्र फरक पडणार नाही, हेही त्यावर छापावे. वैद्याने स्वतः तपासणीच्या वेळी अर्ज पुढे करू नये, असे आमचे मत आहे. नाडी दाखविण्यासाठी हात पुढे केलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे जड जाते, आणि संकोचाने दिलेली संमती ही संमती नव्हे. तोंडी सांगितलेला पत्ता लिहून घेताना एखादे अक्षर चुकले तर पत्र परक्याच्या हाती जाते. यास्तव पहिले पत्र केवळ खातरजमेचे असावे. त्यास ‘होय’ असे उत्तर आले तरच नाव यादीत चढवावे.

येथे मुख्य अडचणीकडे वळू. प्रत्येक वैद्याच्या रुग्णनोंदवहीत किंवा संगणकात शेकडो पत्ते आधीच असतात. ‘हे आपलेच रुग्ण, त्यांना पत्र पाठविण्यास कोणाची परवानगी हवी?’ असा प्रश्न अनेक वैद्यमित्र विचारतात. परंतु तो पत्ता रुग्णाने उपचारासाठी दिला आहे, व्यवसायवृद्धीसाठी नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दिलेल्या उपदेशात, रुग्णाच्या घरी जे पाहिले वा ऐकले ते बाहेर सांगू नये, असा स्पष्ट दंडक आहे. अमुक मनुष्य आपला रुग्ण आहे ही गोष्टही त्या दंडकात येते, असे आम्हांस वाटते. रे रोडचेच उदाहरण घ्या. समजा, वैद्याने भगंदर व मूळव्याधीवरील क्षारसूत्र चिकित्सेची माहिती साठ रुग्णांना एकाच ई-मेलने पाठविली आणि घाईत साठही पत्ते ‘प्रति’ या रकान्यात टाकले. पत्र उघडणाऱ्या प्रत्येकास उरलेली एकोणसाठ नावे दिसणार. त्यांत शेजारच्या वखारीचा मालक असेल, त्याचा मुनीम असेल, होऊ घातलेला व्याही असेल. दारूखान्यासारख्या, सर्वजण सर्वांना ओळखणाऱ्या बाजारात ही बातमी दुपारच्या चहापर्यंत पसरेल. वंध्यत्व, श्वित्र किंवा मनोविकार यांची चिकित्सा करणाऱ्या वैद्याच्या हातून असे घडले, तर त्याची हानी मोजता येणार नाही. पाठविलेले ई-पत्र परत घेण्याचा भरवशाचा मार्ग नाही.

यावर उपाय साधे आहेत. गुप्त प्रतीचा रकाना, म्हणजे बीसीसी, वापरला की एकास दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही. त्याहून बरे म्हणजे प्रत्येकास स्वतंत्र पत्र पाठविणारी सेवा घ्यावी. रुग्णनोंदी आणि पत्रांची यादी या दोन वेगळ्या संचिकांत असाव्यात, आणि यादी हाताळणाऱ्या सहायकास रुग्णनोंदी उघडता येऊ नयेत. व्याधीनुसार यादीचे गट पाडण्याचा सल्ला विपणनाची पुस्तके देतात. कापडदुकानास तो लागू पडेल; वैद्याने तो मानू नये.

विकतच्या यादीचा दुसरा दोष निव्वळ व्यावहारिक आहे. न मागितलेले व्यापारी ई-पत्र ही युक्ती पुष्कळ जुनी. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना असे पत्र पाठविले होते, आणि तेव्हाही तक्रारीच आल्या. आज तक्रार करण्यास एक कळ दाबणे पुरते. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांसाठी गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून कडक नियम लागू केले. तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत, म्हणजे हजारी तीनपेक्षा कमी हवे. यादीतून नाव काढण्याची एका कळीची सोय हवी. आणि पत्र खरोखर आपल्याच नावाच्या क्षेत्रातून निघाल्याची तांत्रिक ओळख हवी. अनोळखी पन्नास हजारांत हजारी तीन रागावणारे निघणार नाहीत, असे कोण म्हणेल? एकदा का आपले नाव ‘स्पॅम’मध्ये गेले, की ज्या दोनशे जणांनी मनापासून पत्र मागितले होते, त्यांचीही पत्रे तेथेच जाऊन पडू लागतात. छोटी यादी बाळगणाऱ्यानेही चिकित्सालयाच्या नावाने स्वतःचे क्षेत्र घ्यावे आणि संगणकतज्ज्ञाकडून एसपीएफ व डीकेआयएम या दोन नोंदी करून घ्याव्यात. हे काम एकदाच करावयाचे असते.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ मध्ये ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. सूचना, परिपत्रक, वेष्टन तर तीत येतेच, पण प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्याद्वारे केलेली घोषणाही येते. धुराचा विचार करणाऱ्या कायद्याच्या कक्षेतून ई-पत्र सुटेल, अशी आशा कोणी बाळगू नये! मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, मोतीबिंदू यांसारख्या परिशिष्टातील व्याधी बऱ्या करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही. त्यातच २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियम आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. संमती मोकळेपणाने, विशिष्ट हेतूसाठी व समजून-उमजून दिलेली असावी आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, हा त्याचा गाभा. वर सांगितलेला कागदी अर्ज जपून ठेवण्याचे कारण हेच.

आता पत्रात लिहावे काय? या बाबतीत आयुर्वेदीय वैद्य इतर कोणत्याही छोट्या व्यावसायिकाहून भाग्यवान आहे. त्यास वर्षाचे वेळापत्रक शास्त्रानेच आखून दिले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगितलेला ऋतुसंधी, म्हणजे सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येत्या ऋतूचा पहिला आठवडा, हीच पत्र पाठविण्याची योग्य वेळ. सहा ऋतू, सहा पत्रे. उदाहरणार्थ शरदाचे पत्र. आपल्या महिन्यांप्रमाणे भाद्रपदाचा शेवटचा आठवडा, म्हणजे पितृपक्षाचा उत्तरार्ध. गणपती विसर्जन होऊन लालबाग-परळ निवांत झालेले असते, नवरात्राची धावपळ अजून सुरू व्हावयाची असते, आणि ऊन तापू लागलेले असते. विषय : ‘शरदातील विरेचन – कोणी करावे, कोणी टाळावे.’ दीडशे-दोनशे शब्दांत पित्तप्रकोपाची लक्षणे, आहारातील पथ्य, कोणी वैद्यास न विचारता काहीही घेऊ नये याची सूचना, चिकित्सालयाच्या वेळा, दसऱ्याची सुट्टी आणि शेवटी नाव काढून टाकण्याची सोय. एवढे पुरे. वर्षा ऋतूत बस्ती, वसंतात वमन ही अशीच पत्रे होतील. हेमंत, शिशिर व ग्रीष्म यांच्या पत्रांत आहारविहाराखेरीज काही विकण्याचा प्रयत्नच करू नये. विकावयाचे काही नसलेले पत्र वाचक अधिक विश्वासाने उघडतो. ‘फक्त तीन दिवस, विरेचनावर ५० टक्के सवलत’ अशा मजकुराचे पत्र आमच्याही पाहण्यात आले आहे. अर्ध्या दरात नेमके किती वेग येणार, हे मात्र त्यात लिहिलेले नव्हते.

पत्राला उत्तर आले, तर ते वैद्याने स्वतः वाचावे. ई-मेलवर लक्षणे कळवून औषध विचारणाऱ्यास भेटीस बोलवावे. पत्रोत्तरी चिकित्सा करण्याच्या फंदात पडू नये. वर्षातून एकदा यादी चाळावी आणि सलग सहा पत्रे ज्यांनी उघडली नाहीत त्यांना एकदा विचारून वगळावे. दोनशेची यादी एकशे चाळीसवर आली तरी हळहळ वाटू देऊ नये. चिकित्सालय मुलाच्या किंवा दुसऱ्या वैद्याच्या हाती सोपविताना खुर्ची, खल आणि औषधांची कपाटे बरोबर जातात. पत्त्यांची यादी मात्र तशीच सोपवू नये. जुन्या वैद्याने स्वतःच्या सहीने अखेरचे पत्र लिहून नव्या वैद्याचे नाव कळवावे, आणि पुढची पत्रे हवीत का, हे प्रत्येकास नव्याने विचारावे.