वेटरच्या बिल्ल्यावरचं नाव टिकवायचंय?

ठाणं म्हटलं की मामलेदारची मिसळ, आणि मिसळ म्हटलं की तर्रीचे शिंतोडे. कल्याण-डोंबिवलीच्या उडुपी हॉटेलांतही वेटरच्या छातीवरचा बिल्ला दिवसभर सांबार, घाम आणि ओल्या फडक्याचा मार खातो. छापील स्टिकरचा तिथे निभाव लागत नाही.

त्यापेक्षा दुरंगी ॲक्रिलिक किंवा एबीएसची पट्टी लेझरने कोरून घ्यावी. वरचा थर जळतो, खालच्या रंगात नाव उमटतं; पुसायला शाईच नसते! पीव्हीसी मात्र नको, लेझरखाली त्यातून विषारी वायू सुटतो.

साधी लोखंडी पिन पावसाळ्यात गंजते, शर्टाला भोकं पाडते. चुंबक बरा, पण पेसमेकर असलेल्यांनी तो टाळावा.

भटारखान्यात बिल्लाच नको, सुटून पातेल्यात पडायचा. तिथे ॲप्रनवर भरतकामाने नाव काढून घेतलेलं उत्तम.