मैदानावरचा पहिला डॉक्टर

शाळेच्या मैदानावर मूल कोसळले, तर त्याच्याजवळ प्रथम धावतात ते पी.टी.चे सर किंवा बाई. डॉक्टर येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे त्यांच्याच हाती असतात. पण बी.पी.एड. झाल्यावर प्रथमोपचाराची उजळणी त्यांच्या वाट्याला क्वचितच येते. गेल्या महिन्यात तालुक्यातील अशा शिक्षकांच्या शिबिरात मला बोलावले होते. व्याख्यान बाजूला ठेवून मी प्रश्नच विचारले.

पहिला प्रश्न : मुलाला फिट आली तर काय कराल? ‘कांदा हुंगवू’, ‘चप्पल नाकाशी धरू’, ‘दातखीळ बसते म्हणून तोंडात चमचा घालू’, अशी उत्तरे आली. घराघरांत हेच चालते, शिक्षक तरी वेगळे काय सांगणार? वाचकहो, बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय मात्र कांद्याला मिळते! चमच्याने तर दात तुटतो. मुलाला दाबून धरू नये. आजूबाजूचे दगड, बाक दूर करावेत, डोक्याखाली दप्तर नव्हे, घडी केलेले कापड ठेवावे, झटके थांबताच कुशीवर वळवावे. आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून अधिक वेळ झाला किंवा शुद्ध न येता पुन्हा फिट आली, तर १०८ ला फोन करावा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नये.

उन्हातल्या सरावात मुलाचे अंग तापले आणि ते असंबद्ध बोलू लागले, तर तो उष्माघात समजावा, मग घाम येत असला तरीही. गाडीची वाट पाहत बसू नये. सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा. नाकातून रक्त आल्यास मान मागे टाकायची नाही. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरायचा.

२०२० साली आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करायचे ठरले. पोषण, मानसिक आरोग्य, व्यसने असे ११ विषय त्यात आहेत. त्या दोघांत एक पी.टी.चा शिक्षक असावाच, असे माझे मत आहे. मात्र पुस्तिका वाचून हात तयार होत नाहीत. छाती दाबण्याचा सराव पुतळ्यावर, घाम येईपर्यंतच करावा लागतो.

शिबिर संपल्यावर एक बाई थांबल्या. म्हणाल्या, ‘‘आमच्या एका कबड्डीपटू मुलीला फिट येते. आई म्हणते, कुणाला सांगू नका, पुढे लग्न जमायचे नाही. खेळ बंद करू का?’’ मी म्हणालो, ‘‘गोळ्या नियमित असतील आणि फिट आटोक्यात असेल, तर तिच्या डॉक्टरांना विचारून खेळू द्या. पोहताना आणि उंचावर चढताना मात्र कुणीतरी जवळ हवे. वर्गात जाहीर करण्याची गरज नाही, पण तुम्हाला माहीत असलेच पाहिजे.’’

बाईंनी वहीत टिपून घेतले. रविवारी त्या मुलीच्या आईला घेऊन दवाखान्यात येणार आहेत.