पेटीचा पहिला सूर

पियानो आपल्या नांदेड-लातुरात क्वचितच दिसतो. परंतु तशाच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पेटी भजनात नेहमीची आहे. तेव्हा मतिमंद वा दुबळ्या हाताच्या मुलांना वाद्य शिकविण्याचा विचार आपण पेटीवरूनच करू.

बासरीला फुंक साधावी लागते, सतारीला तार लावावी लागते. पेटीचे तसे नाही. भाता हलला, पट्टी दाबली की सूर उमटतो. बोट थरथरले तरी तो ढळत नाही. सदा ‘तुला जमणार नाही’ ऐकणाऱ्या मुलास ही पेटी पहिल्याच दिवशी ‘जमले’ असे सांगते. प्रथम एकच पट्टी द्यावी, तिच्यावर रंगीत कागद चिकटवावा. ती पक्की झाली की दुसरी. एक हात चालत नसेल, तर भाता सोबत्याने मारावा.

इंग्लंडात १९५९ साली पॉल नॉर्डॉफ व क्लाइव्ह रॉबिन्स यांनी अशा मुलांबरोबर काम आरंभिले. मूल ढोल जसा बडवी, तशीच साथ नॉर्डॉफ पियानोवर देत. आपल्याकडे वरोऱ्याच्या आनंदवनातील ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद दिव्यांग कलावंतांनीच गाजविला.

मजुराला भीक आणि मजुरी यांतील भेद कळतो. तसा मुलाला कीव आणि कौतुक यांतीलही कळतो. म्हणून नुसत्या टाळ्या नकोत. शाळेच्या प्रार्थनेचा पहिला सूर त्यानेच द्यावा, आणि तोवर साऱ्या वर्गाने थांबावे. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली, शाळेचे दार उघडले. परंतु हे थांबणे कायदा देऊ शकत नाही. ते आपणच द्यावयाचे आहे.