छपाई अडली? दोष नेहमी ड्रायव्हरचाच नसतो

लिनक्सवरून नेटवर्कवरील प्रिंटरला आज्ञा द्यावी आणि कागदच बाहेर येऊ नये, किंवा अगम्य चिन्हांनी भरलेले कागद एकामागून एक पडत राहावेत, हा अनुभव अनेक कार्यालयांना परिचित आहे. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसविण्याची घाई केली जाते. ती बहुधा वाया जाते.

लिनक्सवरील छपाईचा कारभार ‘कप्स’ ही प्रणाली सांभाळते. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ व पोर्ट क्रमांक ६३१ दिल्यास तिचे पान उघडते आणि काम का अडले, हे तेथे कळू शकते. प्रिंटर प्रतिसाद देत नाही, असा संदेश असल्यास ड्रायव्हरला हात लावू नये. अनेकदा राउटरने प्रिंटरला नवा आयपी पत्ता दिलेला असतो आणि संगणक मात्र जुन्याच दारावर थाप मारीत असतो. राउटरमध्ये हा पत्ता कायमचा राखून ठेवावा. ‘फिल्टर फेल्ड’ असे दिसले, तर मात्र मजकुराचे प्रिंटरच्या भाषेत रूपांतर होऊ शकलेले नाही. अगम्य चिन्हे हेही सहसा चुकीच्या ड्रायव्हरचेच लक्षण. अलीकडच्या अनेक प्रिंटरना स्वतंत्र ड्रायव्हर लागतच नाही. तेथे ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ हा पर्याय निवडावा.

दुरुस्तीपूर्वी रांगेतील जुनी कामे रद्द करावीत. अन्यथा प्रिंटर सुरू होताच कोणाचे तरी कालचे वेतनपत्रक सर्वांसमक्ष बाहेर पडते.