साखरपुड्याचा हिरा: आधी कट, मग कॅरट

तुळशीचं लग्न लागलं की पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड इथली कुटुंबं साखरपुड्याच्या खरेदीला लक्ष्मी रस्ता गाठतात. सोन्याची पारख घरातल्या मोठ्यांना असते. हिऱ्यापाशी मात्र बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, ‘किती कॅरटचा?’ खरं तर आधी विचारायला हवं, ‘कट कसा आहे?’

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच मातीतला आहे. नाशिकचा हिरा म्हणून जगभर ओळखला जाणारा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवळातला. पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती पडला. वजन सुमारे 89 कॅरट. आपल्या जुन्या कारागिरांनी वजन राखूनच त्याला पैलू पाडले होते. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज पेढीने 1818 मध्ये तो पुन्हा कापला. पुढे 1940 मध्ये अमेरिकी जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो पॅरिसमध्ये घेतला आणि चौकोनी एमराल्ड कट देऊन 43.38 कॅरटवर आणला. एवढ्या नामांकित हिऱ्याचं अर्ध्याहून जास्त वजन घालवलं, ते पैलूंसाठी. त्यानंतर तो न्यूयॉर्कमध्ये अंगठीत बसला.

चमक येते कुठून?

खडकवासल्याच्या जलाशयातून वर येणारा प्रकाशकिरण पृष्ठभागाच्या लंबाशी 48.6 अंशांहून जास्त तिरपा असेल, तर तो हवेत न सुटता पाण्यातच परततो. हिऱ्यात ही मर्यादा केवळ 24.4 अंशांची आहे. त्यामुळे आत शिरलेला प्रकाश सहजी सुटत नाही, पैलूंवर आपटून परततो. खालच्या निमुळत्या भागाचा उतार योग्य असेल, तर तो वरूनच बाहेर येऊन डोळ्यांत भरतो. उतार फार उथळ असला की प्रकाश खालून गळतो आणि हिरा काचेसारखा पांचट दिसतो. फार खोल असला की मधोमध काळवंडतो.

मार्सेल टोल्कोव्स्की यांनी 1919 मध्ये गोल हिऱ्यासाठी हे गणित मांडलं: खालचा कोन 40.75 अंश, वरचा 34.5 अंश, माथ्याचा सपाट पैलू रुंदीच्या 53 टक्के. आजचे 57 किंवा 58 पैलूंचे गोल ब्रिलियंट याच हिशेबाच्या आसपास कापले जातात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यालाही हेच गणित लागू आहे.

कोणता आकार घ्यावा?

चमक हवी असेल तर गोल. त्यासाठी कच्चा हिरा जास्त वाया जातो, म्हणून तो महागही पडतो. ओव्हल, मार्कीज आणि थेंबाच्या आकाराचा पेअर तेवढ्याच वजनात मोठे दिसतात, बोटंही लांबसडक वाटतात. पण त्यांच्या मध्यावर बो-टायसारखी काळी सावली पडते. ती किती गडद आहे, हे हिरा हलवून बघायलाच हवं. एमराल्ड कटचे पैलू पायऱ्यांसारखे लांब असतात. त्याचं रूप शांत, पण आतला डाग आणि पिवळसरपणा त्यात लपत नाही, म्हणून तिथे शुद्धता आणि रंग दोन्ही वरच्या दर्जाचे घ्यावेत. प्रिन्सेस कटचे चारही कोपरे टोकदार असतात. हिरा कठीण असला तरी नेमक्या जागी ठोका बसला की त्याचा टवका उडतो, म्हणून कोंदणाने ते कोपरे झाकलेले हवेत. संरक्षण प्रबोधिनीतली (एनडीए) नोकरी असो, जलसंशोधन केंद्रातलं प्रयोगशाळेचं काम असो की रोजचा दुचाकीचा प्रवास, हाताला काम असणाऱ्यांनी उंच कोंदण टाळलेलं बरं.

दुकानात काय बघाल?

प्रमाणपत्रावर वजनाशेजारी मिलिमीटरमधली मापं असतात, ती वाचा. नीट कापलेला एक कॅरटचा गोल हिरा सुमारे 6.4 ते 6.5 मिलिमीटर रुंद असतो. तेवढ्याच वजनाचा हिरा 6.1 भरला, तर उरलेलं वजन पोटात दडलंय आणि त्याचे पैसे तुम्ही देताय. गोल हिऱ्याच्या कटला जीआयए ही संस्था 2006 पासून एक्सलंट ते पुअर अशा पाच श्रेणी देते. बजेट आखडतं असेल तर वजनात तडजोड करा, कटच्या श्रेणीत नको.

दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली साधा हिराही चमकतो. तेव्हा तो पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीशी, सावलीतल्या उजेडात बघा, सावकाश फिरवा, दोन-तीन हिरे शेजारी ठेवा. आणि जिच्या बोटात तो कायम राहणार आहे, तिला सोबत न्या. हिऱ्याचा आकार तिच्या पसंतीचा असू द्या, कटची पारख मात्र दोघांनी मिळून करा.